कपाटावरचे तीन पोचे

मुलगी माहेरी आली, त्यानंतर आठव्या दिवशी तिचं कपाट आलं. टेम्पोवाल्याने दारात हॉर्न वाजवला आणि म्हणाला, "सिन्नरचं सामान आहे मावशी, उतरवून घ्या." मी पोळपाट तसाच ठेवून बाहेर आले. टेम्पोत एकटं कपाट आडवं पडलेलं होतं, दोरीने बांधलेलं. दारावर लाल अक्षरांत तिचं सासरचं नाव.

आमच्याकडे मुलगी रुसून माहेरी आली तर चार-आठ दिवसांनी कोणीतरी न्यायला येतं. दीर येतो, सासू येते, नवरा कोपऱ्यावर गाडी लावून उभा राहतो. पण कपाट पाठवलं तर ते न्यायला येणार नाहीत, असं समजायचं. लग्नात बाकी काही दिलं-घेतलं नाही तरी मुलीबरोबर कपाट जातंच, आणि ते परत आलं की सगळ्या आळीला कळतं. त्या दिवशी समोरच्या ओट्यावरच्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. मी टेम्पोवाल्याला पाणी दिलं.

उतरवताना कपाटाचा एक पाय टेम्पोच्या फाळक्याला घासला आणि खरर्र आवाज झाला. मुलगी आतून बाहेर आली नाही. कपाट खोलीत उभं केल्यावर मी नीट पाहिलं. कुलपाची मूठ वाकलेली, डाव्या दारावर दोन मोठे पोचे, खाली तिसरा, ठिकठिकाणी रंग उडालेला. मी म्हटलं, "अगं, हे काय झालं याचं?"

"टेम्पोत आपटलं असेल," ती म्हणाली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मला ते खरं वाटलं. खरं वाटून घेतलं असं आता लिहायला पाहिजे.

महिनाभर काही झालं नाही. मी पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, सकाळी जाते, दुपारी येते. ती घरात असायची. केस विंचरायची नाही. मी काही विचारलं तर "काही नाही" म्हणायची, आणि मी पुढचं विचारायचे नाही. मला लहानपणापासून विचारायची भीती वाटते. चौथीत असताना गुरुजींनी दिलेलं गणित कळलं नाही तरी मी मान हलवायचे. ती सवय गेली नाही.

मग एका संध्याकाळी माझे मोठे दीर आले. नवरा गेल्यापासून आमच्या घरातलं लग्नकार्य, भांडणतंटा सगळं तेच बघतात. चहा घेऊन म्हणाले, "त्यांचा फोन आला होता. रविवारी येतायत. बसू, बोलू, आणि पोरीला लावून देऊ. सामानासकट."

मला इतकं हलकं वाटलं की मी चहात परत साखर टाकली. भाऊजी बोलत राहिले. "त्यांची चूक असेल, आपली असेल. आता तो विषय नको. पोरगी घरात बसली की लोकांना बोलायला तोंड मिळतं. माझ्याही घरात दोन मुली आहेत."

दुसऱ्या दिवशी खुद्द विहीणबाईंनी फोन केला. लग्नानंतरच्या दोन वर्षांत मला केलेला तो त्यांचा दुसरा-तिसरा फोन. म्हणाल्या, "येतो मग आम्ही रविवारी. एक सांगायचं व्हतं. ते पत्र्याचं खोकं पाठवाल ना, जरा बरं करून पाठवा. आमच्याकडं लय पाहुण्यांचं येणंजाणं हाये. भंगारवाला आला आन ठेवून गेला, आसं दिसायला नको."

मी म्हटलं, "हो, करते."

म्हणजे मी ते काम का केलं, तर विहीणबाईंनी सांगितलं म्हणून. पण तेवढंच नाही. मला वाटलं, कपाट नव्यासारखं गेलं तर मुलगीही नव्यासारखी जाईल. पहिल्या दिवशी गेली होती तशी. तेव्हा सगळे तिला "ये, ये" करत होते.

मेसमधली पोरं परीक्षा संपवून गावी गेली होती, त्यामुळे मला सुट्टी होती. गुरुवारी सकाळी मी नाशिकरोडच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "ब्रशने मारणार का स्प्रेने?" मी दोन्हीकडे बघत राहिले. तो म्हणाला, "ब्रशच्या रेघा दिसतात काकू. स्प्रेने एकदम कंपनीचा माल वाटेल." मी स्प्रे दे म्हटलं. करड्या रंगाचे डबे, पॉलिश पेपर, एक डबा रेड ऑक्साईड, खड्डे बुजवायची लांबी, ती भरायची पत्री, चिकटपट्टी. त्याला सांगावं लागलं नाही मला काय काय लागेल. ते मला माहीत होतं.

माझा नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे रंगकामावर होता. रंगकाम म्हणजे लोखंड खरवडायचं. पाइप, जिने, कठडे. ते घासायचे आणि तांबडा रंग मारायचे, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा गंज चढलेला असायचा. घरी आले की त्यांच्या हातांच्या रेषा तांबड्या असायच्या. जेवताना ते गंजाबद्दल बोलायचे. दुसरं बोलायला त्यांच्याकडे नव्हतं. पिवळट गंज ताजा. बोट फिरवलं की निघतो. तांबडा त्याच्याआधीचा. काळपट, पापुद्रे सुटलेला असेल तर त्याला सहा महिने तरी झाले. "लोखंडाला खोटं बोलता येत नाही," असं म्हणायचे. मी "हं" म्हणायचे आणि भाकरी वाढायचे.

मुलीने आणि मी पायांखाली गोणपाट सरकवून कपाट ओट्यावर ओढलं. ती परत आत गेली. मी पदर खोचून घासायला बसले.

खालून सुरुवात केली. टेम्पोच्या फाळक्याला घासलेला पाय पहिल्यांदा आला. तिथे रंग निघून पत्रा उघडा पडला होता आणि अजून चकाकत होता. महिना झाला होता, पण दिवस कोरडे होते, कडेला नुसती पिवळी झाक आली होती.

मग खालचा पोचा. गुडघ्याएवढ्या उंचीवर, बुटाच्या पुढच्या टोकाएवढा. त्यातला गंज पिवळा-तांबडा होता. मी पॉलिश पेपर थांबवला. पुन्हा पायाकडे पाहिलं. पाय चकाकतोय आणि हा तांबडा.

मग मी उठून वरचे दोन पाहिले. एक कुलपाच्या मुठीजवळ. त्यात तांबडा गंज, जाडसर. आणि दुसरा, सगळ्यात मोठा, माझ्या कपाळाच्या उंचीवर, पसरट, वाटीसारखा आत गेलेला. त्यात रंगाला भेगा होत्या आणि भेगांतून काळपट पापुद्रे सुटले होते. मी नखाने काढला तर पापुद्रा अख्खा हातात आला.

हे टेम्पोतलं नव्हतं. तिन्ही एका दिवसाचेही नव्हते.

मुलगी माझ्याच उंचीची आहे. त्याच्या आदल्या दिवाळीला ती भाऊबीजेला आली तेव्हा तिचं कपाळ सुजून हिरवं झालं होतं. "मोरीत पाय घसरला," म्हणाली होती. मी हळद लावली होती आणि म्हटलं होतं, "चप्पल घालून जात जा मोरीत."

तो काळा पापुद्रा हातात धरून मी ओट्यावर किती वेळ उभी होते ते आठवत नाही. समोरची म्हातारी म्हणाली, "काय गं, ऊन लागलं का?" मी मान हलवली. मग आत गेले. मुलगी तांदूळ निवडत होती.

"ते पोचे टेम्पोत पडले म्हणालीस ना?"

"हो."

"टेम्पोतच?"

तिने वर पाहिलं नाही. ताटातला एक खडा बोटाने कडेला सारला. "हो म्हटलं ना."

मी म्हटलं, "बरं."

त्या एका शब्दाचं मला काय करायचं ते अजून कळत नाही. ती सांगेल म्हणून मी थांबले असते तर तिने सांगितलं असतं. मी खाली बसले असते, तिच्या ताटातले खडे काढू लागले असते, तरी सांगितलं असतं. पण मला रविवार दिसत होता. भाऊजी दिसत होते. तिला ठेवून घेतली तर उद्या काय, परवा काय, एवढंच डोक्यात होतं. मी बाहेर आले आणि गंज घासून काढला. तिन्ही पोचे घासले, पांढरे होईपर्यंत घासले. जास्तच घासले. हाताला फोड आले.

शुक्रवारी लांबी भरली. पत्रीने एक थर, वाळल्यावर दुसरा, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा हात फिरवून पाहायचं. मोठ्या पोच्याला तीन थर लागले. मग रेड ऑक्साईडचा तांबडा हात मारला. तांबडं झालेलं कपाट उरलेला दिवस ओट्यावर उभं होतं, मी त्याच्याकडे पाठ करून पोळ्या केल्या.

शनिवारी रंग. नावाच्या अक्षरांवर वर्तमानपत्र चिकटवलं, कारण नाव पुसलं तर विहीणबाई काय म्हणतील. मुठीला चिकटपट्टी गुंडाळली. डबा हलवला की आत गोळी खडखडते, ती खडखडत नाही तोवर रंग मारायचा नाही असं दुकानदाराने सांगितलं होतं. पहिल्यांदा मी डबा फार जवळ धरला आणि रंगाचा ओघळ आला. तो पुसून, घासून, पुन्हा मारला. मग हात बसला. हातभर लांब धरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला, न थांबता. नाकाला पदर बांधला होता तरी घशात कडू चव उतरली. संध्याकाळपर्यंत दारं गुळगुळीत झाली. मोठ्या पोच्याच्या जागी मी तळहात फिरवला. डोळे मिटून फिरवला. कुठे काही लागलं नाही.

खरं लिहायचं तर तेव्हा मला बरं वाटलं. आपल्या हाताने एखादं काम इतकं चांगलं झालं की वाटतं तसं. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "बघ, कळतंय का काही?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच कळत नाही."

रविवारी ते जीपने आले. जावई, त्याचे वडील आणि विहीणबाई. भाऊजी आधीच येऊन खुर्चीवर बसले होते. कपाट पुढच्या खोलीत ठेवलेलं होतं. विहीणबाईंनी चप्पल काढता काढता त्याच्यावरून हात फिरवला.

"आता कसं! माझं मी नसतं वळखलं." मग माझ्याकडे बघून हसल्या. "आशीच पोरगीपण पाठवा, जुनं सगळं घासून."

पुरुष हसले. भाऊजीही हसले. मी पोह्यांच्या बशा आणल्या.

बोलणं फार झालं नाही. व्याही म्हणाले, "भांड्याला भांडं लागतंच." भाऊजी म्हणाले, "पोरं आहेत, चुकतात." जावई मोबाईल बघत होता. एकदा म्हणाला, "माझं काय म्हणणं नाय. तिनं उलट बोलू नये, बास." भाऊजींनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, "चल गं पोरी, पिशवी भर. ऊन चढायच्या आत निघा."

मी आतल्या दाराच्या चौकटीत उभी होते. मागे मुलगी पिशवीत कपडे घालत होती. तिने एक साडी घडी करून ठेवली, परत काढली, पुन्हा तीच घडी केली. पुन्हा काढली. काठाला काठ लागत नव्हता.

"ती नाही येणार," मी म्हटलं.

मला वाटलं मोठ्याने बोलले, पण कोणाला ऐकूच गेलं नाही. परत बोलावं लागलं. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

भाऊजी म्हणाले, "तू आत जा. आमचं झालंय बोलणं."

"तिला मारतात."

"कोण म्हणतं?" जावई म्हणाला. "ती म्हणली का?"

"कपाटाला पोचे होते," मी म्हटलं. "तीन होते."

जावई उठला. कपाटाजवळ गेला आणि दारावर वरपासून खालपर्यंत हात फिरवला. सावकाश. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "कुठं हायेत? मला तर काय लागत नाय."

"भुतानं पाडले आसतील," विहीणबाई म्हणाल्या, "आन भूतच घेऊन गेलं."

पुन्हा हसणं झालं. खिडकीत लांबीची पत्री होती. मी ती घेतली आणि दारापाशी गेले. जागा मला पाठ होती. रंग पहिल्या रेघेतच फाटला, पण खालची लांबी घट्ट बसली होती, निघेना. मी पत्रीचं टोक खुपसून उचकटायला लागले. खोलीत नुसता खरवडण्याचा आवाज. फार वेळ लागला. करडा भुगा, मग तांबडा, मग लांबीची मोठी ढलपी खाली पडली आणि पोचा उघडा पडला.

"हा बघा," मी भाऊजींना म्हटलं. "हा आदल्या दिवाळीचा आहे. यात काळा गंज होता. तिचं कपाळ..."

भाऊजी जागचे उठले नाहीत. व्याही मात्र उठून जवळ आले. वाकून, नीट निरखून त्यांनी पाहिलं.

"पोचा हाये," ते म्हणाले. "पण गंज कुठंय? मला तर कोरा पत्रा दिसतोय. हा काल पाडला का परवा, तुम्ही पाडला का आम्ही, कशावरून?"

ते बरोबर बोलत होते. पत्रा पांढरा होता, कारण मी तो घासला होता. जे वाचता येत होतं ते मीच घासून टाकलं होतं. पत्री हातात धरून मी उभी राहिले आणि मला वाटलं आता ही जाणार. आता हिला कोणी थांबवू शकत नाही.

मुलगी बाहेर आली तेव्हा मला कळलंही नाही. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि उघड्या पोच्यावर बोट ठेवलं.

"हा भाऊबीजेच्या आधीचा. शनिवार होता. डोकं धरून." मग हात खाली, मुठीजवळ नेला, जिथे अजून रंग शाबूत होता. "इथला संक्रांतीनंतरचा. मी कपाटात पैसे लपवले म्हणून. पैसे नव्हते." मग खाली. "हा मला लागला नाही. मी सरकले. मग दुसरी लाथ लागली. त्यानंतर मी आले."

ती रडली नाही. कपाटाकडेच बघत बोलली, दुकानात माल दाखवतात तसं. जावई "खोटारडी" असं काहीतरी म्हणाला. विहीणबाईंनी पोह्यांची बशी जोरात खाली ठेवली. "चला हो. आयलेकींनी नाटक बसवलंय. रंगबिंग मारून."

ते गेले. जीप वळेपर्यंत भाऊजी ओट्यावर उभे होते. मग आत येऊन मला म्हणाले, "चार माणसांत माझं तोंड काळं केलंस. आता तुमचं तुम्ही बघा. माझ्या दारात येऊ नका." तेही गेले. त्यांच्या मुलींच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. मला नाही सांगत कोणी, बाहेरून कळतं.

मी खालचा भुगा झाडत होते. मुलगी पिशवीतले कपडे काढून ठेवत होती. ती पाठमोरी होती.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"गुरुवारी."

तिने एकेक करून सगळे कपडे काढून रचले. मला वाटलं विसरली.

"गुरुवारी कळलं," ती म्हणाली, "आणि शनिवारपर्यंत रंग मारत बसलीस."

त्याच आठवड्यात ती पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेली. मी तिच्यासोबत गेले. बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, मध्ये तिची पिशवी. महिलांच्या तक्रारी लिहून घ्यायला एक बाईच होती, वयाने माझ्याएवढी, शांत. तिने मुलीचं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, मोबाईलमध्ये फोटो आहेत का? जखमांचे, कपाटाचे, आधीचे? मुलगी म्हणाली, नाहीत.

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

मी सांगितलं. पायाची चकाकी, पिवळा गंज, तांबडा, काळा. माझ्या नवऱ्याचं काम काय होतं तेही सांगितलं. आयुष्यात अनोळखी माणसाशी मी एवढं कधी बोलले नव्हते. तिने मध्येच पेन थांबवलं.

"म्हणजे तुम्हाला रंग मारायच्या आधी कळलं होतं."

"हो."

"मग रंग का मारलात?"

ती रागावून विचारत नव्हती. तिला कागदावर कारण लिहायचं होतं. मुलगीही माझ्याकडे बघत होती, त्या आठवड्यात पहिल्यांदाच सरळ तोंडाकडे. मी पुष्कळ शोधलं. भाऊजी, आळीतल्या बायका, माझी भीती, पुढचे दिवस, सगळं आठवलं.

"रविवारी पाहुणे येणार होते," मी म्हटलं.

तिने ते तसंच लिहून घेतलं. मग कागदाच्या तळाशी बोट ठेवलं आणि मी माझं नाव लिहिलं.